प्रोस्टेटचा कर्करोग : चाचणीपूर्वीचा विचार आणि उपचारांची निवड

भंडारा जिल्ह्यातील प्रौढ आणि वृद्ध पुरुषांच्या आरोग्याचा विचार करू लागले म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाबाबत दोन परस्परविरुद्ध चित्रे एकाच वेळी डोळ्यांपुढे उभी राहतात. भंडारा, तुमसर किंवा जवाहरनगर येथील एखादा निवृत्तिवेतनधारक गृहस्थ, कसलीही तक्रार नसताना, ‘सगळ्या चाचण्या एकदाच उरकून घ्या’ या सल्ल्यावरून खासगी प्रयोगशाळेत रक्त देतो आणि दुसऱ्या दिवशी हाती आलेल्या कागदावर पीएसए या प्रोस्टेटच्या चाचणीच्या नावापुढे ठळक छापलेला आकडा पाहून त्याची झोप उडते. तर लाखांदूर अथवा मोहाडी तालुक्यातील एखादा धानउत्पादक शेतकरी लघवीचा त्रास वर्षानुवर्षे अंगावर काढतो आणि लघवी पुरती तुंबल्यावर, किंवा पायांतील शक्ती गेल्यावर, दोघांच्या आधाराने रुग्णालयाची पायरी चढतो. पहिल्याची तपासणी कोणी काही समजावून सांगण्याआधीच झालेली असते. दुसऱ्याची, गरज उघड दिसत असतानाही, झालेली नसते. म्हणूनच ‘ही चाचणी करावी की करू नये’ असा प्रश्न सरसकट विचारला, तर त्याचे कोणतेही एक उत्तर या दोघांपैकी एकावर अन्याय करणारे ठरते. निरोगी पुरुषाने चाचणीपूर्वी विचार करावा, लक्षणे असलेल्याने विलंब करू नये, आणि रोग ग्रंथीपुरता मर्यादित असल्याचे निदान झाले तर उपचार निवडताना घाई करू नये, या तीन सूत्रांभोवती या विषयाचा आढावा घेण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रोस्टेट, अर्थात पुरःस्थ ग्रंथी, ही मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून बसलेली लहानशी ग्रंथी असून वीर्यातील द्रवाचा काही भाग ती पुरवीत असते. पन्नाशीनंतर बहुसंख्य पुरुषांत ती हळूहळू वाढते, मूत्रमार्गावर दाब येतो, धार बारीक होते, रात्रीतून तीन-चार वेळा उठावे लागते; परंतु ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचे रूपांतरही कर्करोगात होत नाही. उलटपक्षी खरा कर्करोग पुष्कळदा ग्रंथीच्या बाहेरील भागात, मूत्रमार्गापासून दूर, सुरू होतो आणि म्हणून प्रारंभी कसलीच तक्रार निर्माण करीत नाही. यात आणखी एक गुंतागुंत अशी की, अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनात या कर्करोगाची सूक्ष्म केंद्रे वारंवार आढळली आहेत. म्हणजे कित्येक पुरुष हा रोग शरीरात बाळगून, त्याची वार्ताही न लागता, आपले आयुष्य पुरे करतात. निरुपद्रवी कर्करोग आणि प्राणघातक कर्करोग एकाच नावाखाली नांदतात, हे या रोगाचे मूळ वैशिष्ट्य होय. आणि चाचणीसंबंधीचे सारे वाद त्यातूनच उद्भवले आहेत.

या रोगाच्या आधुनिक इतिहासात १९४१ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी २८ फेब्रुवारी रोजी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षी शिकागो येथे चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले की, वृषणांतून निर्माण होणाऱ्या पुरुषसंप्रेरकाचा पुरवठा तोडला असता पसरलेला प्रोस्टेट कर्करोगही आक्रसतो. या शोधाबद्दल हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आणि योगायोगाने त्याच वर्षी डोनाल्ड ग्लीसन यांची, पेशींच्या रचनेवरून रोगाची उग्रता ठरविणारी, प्रतवारी प्रसिद्ध झाली, जी सुधारित रूपात आजही या कर्करोगाच्या प्रत्येक बायोप्सीच्या, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीच्या, अहवालात वाचावयास मिळते. पीएसए हे प्रथिन प्रोस्टेटच्या ऊतीतून १९७९ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. अमेरिकेत या चाचणीला १९८६ मध्ये मान्यता मिळाली ती ज्ञात रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी, आणि रोगाच्या शोधासाठी मिळाली ती १९९४ मध्ये. रुग्णांसाठी योजलेले साधन निरोगी माणसांच्या दारी आले, ते या आठ वर्षांत.

प्रयोगशाळेतून मिळणारा तो कागद जरा जवळून पाहण्यासारखा आहे. एका बाजूस चाचणीचे नाव, मध्ये आकडा, शेजारी ‘० ते ४’ अशी मर्यादा, आणि आकडा ४ च्या पुढे गेला की तो ठळक टाइपात छापलेला, एवढाच त्याचा मजकूर. ज्याचे रक्त घेतले त्याला मागच्या पंधरवड्यात लघवीची जळजळ आणि ताप होता काय, लघवी अडली म्हणून नळी घातली होती काय, ग्रंथी निव्वळ वयोमानाने वाढलेली आहे काय, यांपैकी कशाचीही नोंद त्या कागदावर नसते. आणि तरीही या प्रत्येक कारणाने आकडा चढतो. उलट, वाढलेल्या ग्रंथीसाठी फिनास्टेराइड अथवा ड्यूटास्टेराइड ही औषधे काही महिने घेतल्यास तोच आकडा सुमारे निम्म्यावर येतो आणि खोटा दिलासा देऊन जातो. आकडा ४ ते १० यांच्या दरम्यान असलेल्या पुरुषांपैकी बहुसंख्यांना कर्करोग नसतो, आणि ४ च्या आत असलेल्या काहींना तो असतो. म्हणून वाढलेल्या एकाच आकड्यावरून लगोलग बायोप्सीसाठी सुई टोचून घेण्यापेक्षा, जंतुसंसर्ग असल्यास त्याचा इलाज करून, काही आठवड्यांनी फेरचाचणी करणे हा रास्त शिरस्ता होय.

निरोगी पुरुषांची सरसकट चाचणी केल्याने प्राण वाचतात काय, या प्रश्नावर गेल्या तीन दशकांत मोठे प्रयोग झाले. युरोपातील अनेक देशांत १९९३ पासून चाललेल्या प्रयोगात ५५ ते ६९ वयाच्या सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांचा समावेश होता. त्याचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार चाचणीसाठी बोलावलेल्या गटात या रोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. परंतु एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ पुरुषांना चाचणीस बोलवावे लागले आणि नेहमीपेक्षा १२ अधिक पुरुषांना कर्करोगाचे निदान पदरात घ्यावे लागले. अमेरिकेतील सुमारे ७६ हजार पुरुषांच्या प्रयोगात दोन गटांत फरक आढळला नाही, कारण चाचणी न करावयाच्या गटातील पुष्कळांनी ती बाहेरून करून घेतली होती. आपल्याकडील आरोग्य शिबिरांच्या दृष्टीने मात्र ब्रिटनमधला प्रयोग सर्वांत बोलका आहे. चार लाखांवर पुरुषांच्या त्या प्रयोगात एका गटाला केवळ एकदाच पीएसए चाचणीचे निमंत्रण देण्यात आले; १५ वर्षांनंतर या रोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण त्या गटात ०.६९ टक्के आणि दुसऱ्या गटात ०.७८ टक्के भरले. म्हणजे दहा हजारांमागे नऊ मृत्यू कमी. एखाद्या दिवशी मंडप घालून शेकडो पुरुषांचे रक्त घ्यावयाचे आणि पुढील पाठपुराव्याची तजवीज करावयाची नाही, या उपक्रमातून याहून अधिक पदरी पडेल अशी आशा धरण्यास आधार नाही.

लाभ आहे, पण तो थोडा आणि उशिरा मिळणारा आहे; हानी मात्र लवकर आणि अधिक जणांना होते, असा या सर्व प्रयोगांचा इत्यर्थ आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१२ मध्ये या चाचणीविरुद्ध शिफारस केली, आणि २०१८ मध्ये ती बदलून, ५५ ते ६९ या वयात प्रत्येकाने डॉक्टरांशी मसलत करून स्वतः ठरवावे आणि सत्तरीनंतर सरसकट चाचणी करू नये, असे मत दिले. ज्याच्या वडिलांना अथवा भावाला हा रोग झाला, विशेषतः कमी वयात झाला, त्याने हा विचार आधी, पन्नाशीपूर्वीही, सुरू करावा. असंसर्गजन्य रोगांच्या आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीसाठी मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग निवडले आहेत. प्रोस्टेट त्यांत नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते उचितच आहे. तंबाखू आणि खर्रा यांनी ज्या जिल्ह्यात इतकी तोंडे नासविली आहेत, तेथे मर्यादित साधने आधी मुखाच्या तपासणीवर खर्ची पडावीत, यात दुमत होण्याचे कारण नाही.

तथापि पाश्चात्त्य प्रयोगांचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलून वैनगंगेच्या खोऱ्यात आणून ठेवणेही योग्य होणार नाही. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात या रोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आणि पावणेचार लाख मृत्यू झाले. भारतात सुमारे साडेचौतीस हजार नवे रुग्ण आणि पावणेसतरा हजारांच्या आसपास मृत्यू. जगात चार नव्या रुग्णांमागे एक मृत्यू, तर भारतात दोहोंमागे एक, हे प्रमाण चटका लावणारे आहे. त्याचा काही भाग असा समजावा की, आपल्याकडे चाचण्या कमी होत असल्यामुळे निरुपद्रवी कर्करोग नोंदीतच येत नाहीत. पण उरलेला भाग उशिरा येणाऱ्या रुग्णांचा आहे, हेही नाकारता येत नाही. नागपुरात कर्करोगाची नोंदवही १९८० पासून ठेवली जाते, परंतु ती त्या शहराची. भंडारा जिल्ह्यातील बारा लाख लोकांचे चित्र तिच्यावरून अनुमानानेच काढावे लागते.

या जिल्ह्यात विलंब कसा घडतो, हे समजून घेतल्याखेरीज त्याचा बंदोबस्त होणार नाही. आषाढात रोवणी सुरू होते, तेव्हा दवाखान्याचे नाव काढावयास फुरसत नसते. मग धान घरात आल्यावर पाहू असे ठरते, आणि धान आल्यावर दिवाळीनंतरची मंडई, दंडार आणि पाहुणे यांत आणखी महिना जातो. रात्री पुनःपुन्हा उठावे लागते, हे म्हातारपणाचे मामुली लक्षण मानले जाते. त्याहून घातक म्हणजे कंबरदुखीचा गैरसमज. हा कर्करोग पसरतो तो विशेषेकरून पाठीच्या कण्यात आणि कटीच्या हाडांत. आणि ज्याचे आयुष्य बांधीत वाकून गेले त्याची कंबर दुखते, यात कोणालाच नवल वाटत नाही. श्रमाची कंबरदुखी विश्रांतीने उतरते. पण जी रात्री अंथरुणावर पडल्यावरही थांबत नाही, आठवड्यागणिक वाढते, तिच्याकडे साठीच्या पुरुषाने दुर्लक्ष करता कामा नये. आणि पायांत मुंग्या, जडपणा अथवा लुळेपणा जाणवू लागला, लघवी-शौचावरील ताबा सुटू लागला, तर तो दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न होतो. मज्जारज्जूवरील दाब वेळेत हटविला नाही तर गेलेली चाल परत येत नाही. लघवीतून रक्त जाणे, लघवी तुंबणे आणि अशी कंबरदुखी, या तिन्ही तक्रारींत पीएसए ही रोगाच्या निदानाची पायरी असते. चाळणी म्हणून निरोग्यांवर लावलेल्या चाचणीसंबंधीचे वरील आक्षेप तिला लागू होत नाहीत.

निदानाचा क्रम पूर्वीपेक्षा आता पुष्कळ सुधारला आहे. गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी दोन मिनिटांची असते आणि ग्रंथीतील कठीण गाठ ती दाखवून देऊ शकते. संकोचाने ती टाळणारा रुग्ण आणि वेळेअभावी ती टाळणारा वैद्य, दोघेही एका बिनखर्चाच्या साधनास मुकतात. पूर्वी आकडा वाढला की थेट बायोप्सी होत असे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय प्रयोगात, आधी एमआरआय काढलेल्या गटातील २८ टक्के पुरुषांची बायोप्सी टळली आणि तरीही लक्षणीय कर्करोग अधिक संख्येने सापडले. भंडाऱ्याचा रुग्ण नागपुरास जाणारच, तर हा क्रम त्याने आवर्जून विचारून घ्यावा. बायोप्सीच्या अहवालात ग्लीसनचा अंक ६ असेल तर रोग सौम्य, ७ असेल तर मध्यम, आणि ८ ते १० असेल तर उग्र, असा स्थूल अर्थ होतो. ग्लीसनचा अंक, पीएसएचा आकडा आणि रोगाचा विस्तार, या तिहींच्या मेळातून जोखीम ठरते. एकट्या आकड्यावरून नव्हे.

रोग ग्रंथीपुरता मर्यादित असेल तर तीन मार्ग खुले असतात: सक्रिय निरीक्षण, शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढणे, आणि किरणोपचार, ज्याला रुग्णांचे नातेवाईक शेक म्हणतात. यांतील श्रेष्ठ कोणता, याचे उत्तर देण्यासाठी ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांची या तीन मार्गांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करण्यात आली. १५ वर्षांनंतर, २०२३ मध्ये, जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते विचार करावयास लावणारे होते: तिन्ही गटांत मिळून या रोगाने मृत्यू पावलेले जेमतेम ३ टक्के, आणि गटागटांत उल्लेखनीय फरक नाही. निरीक्षणाच्या गटात रोग अन्यत्र पसरण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्के, तर इतर दोहोंत सुमारे ५ टक्के होते. आणि निरीक्षणातील सुमारे ६१ टक्के रुग्णांनी पुढे केव्हातरी शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार घेतले. याचे दुसरे अंग दुष्परिणामांचे. शस्त्रक्रियेनंतर सहा वर्षांनी १७ टक्के पुरुषांना लघवी गळते म्हणून पॅड वापरावे लागत होते, किरणोपचारानंतर ४ टक्क्यांना. लैंगिक सामर्थ्यावर शस्त्रक्रियेचा आघात सर्वांत मोठा होता. किरणोपचारात शौचाच्या तक्रारी अधिक होत्या. प्राणांच्या हिशेबात तिन्ही मार्ग जवळपास समान उतरले, तर निवडीचा निकष रुग्णाच्या पुढील आयुष्याची घडण हाच उरतो.

ही घडण भंडाऱ्यात कशी असते, ते पाहू. सौम्य रोगात सक्रिय निरीक्षण हाच आज पहिला पर्याय मानला जातो. पण ठराविक मुदतीने पीएसए, अधूनमधून एमआरआय आणि आवश्यक तेव्हा पुन्हा बायोप्सी, ही शिस्त त्यात गृहीत असते. कागदपत्रे जपून ठेवणारा आणि नागपुरास येणे-जाणे जमणारा माणूस ती पाळू शकतो. ज्याचे दप्तर प्रत्येक पावसाळ्यात भिजते आणि ज्याला बोलावणारे कोणी नाही, त्याच्या बाबतीत निरीक्षणाचे रूपांतर दुर्लक्षात होण्याचा धोका असतो. किरणोपचाराची मोठी अडचण अंतराची. भंडारा शहर नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटर, पण लाखांदूर शंभराहून अधिक; सात-आठ आठवडे आठवड्यातून पाच दिवस शेक, हा जुना क्रम अशा रुग्णाला मजुरी आणि मुक्काम या दोन्ही बाजूंनी मोडीत काढीत असे. २०१६ च्या एका मोठ्या ब्रिटिश प्रयोगाने ३७ ऐवजी २० बैठकांत तेवढाच लाभ मिळतो असे दाखविले, आणि निवडक रुग्णांत पाच बैठकांपर्यंतही आता मजल गेली आहे. आपण होऊन ‘थोड्या बैठकांत माझे होईल काय’ असे विचारणे, हा ग्रामीण रुग्णाचा हक्कच मानला पाहिजे. उग्र रोगाबाबत तर टाटा मेमोरियलने २२४ रुग्णांवर स्वतः प्रयोग केला. केवळ प्रोस्टेटऐवजी कटिभागातील लसिका ग्रंथींनाही किरण दिले असता पाच वर्षांत पीएसए पुन्हा न वाढलेल्यांचे प्रमाण ८१ वरून ९५ टक्क्यांवर गेले. एकूण आयुर्मानातील फरक मात्र त्या काळात दिसला नाही. आपल्याच राज्यातील रुग्णालयातून निघालेले हे ज्ञान आहे, आणि म्हणून अधिक मोलाचे आहे.

रोग हाडांत पसरल्यावर तो समूळ जात नाही, परंतु वर्षानुवर्षे आटोक्यात राहू शकतो. हगिन्स यांचे तत्त्व येथे अजूनही आधारभूत आहे: ठराविक अंतराने इंजेक्शन घेऊन, अथवा एका लहान शस्त्रक्रियेने वृषण काढून, संप्रेरकाचा पुरवठा थांबवावयाचा. इंजेक्शन आयुष्यभर चालवावे लागते आणि एक चुकले तरी रोग डोके वर काढू शकतो. शस्त्रक्रिया एकदाच होते, स्वस्त पडते, आणि दूरच्या गावातील माणसाला तारखांच्या बंधनातून मोकळे करते. पौरुष गेले, ही भावना त्यातून उद्भवते, आणि तिला क्षुल्लक लेखणे निष्ठुरपणाचे होईल. परंतु इंजेक्शननेही संप्रेरक तितकेच उतरते, हे रुग्णाला आणि त्याच्या पत्नीला एकत्र बसवून सांगितले पाहिजे. २०१५ ते २०१७ या काळातील प्रयोगांनी असेही सिद्ध केले की, प्रारंभीच डोसेटॅक्सेल किंवा अॅबिरॅटेरॉन या औषधांची जोड दिल्यास आयुष्य वाढते. अॅबिरॅटेरॉन आता भारतीय कंपन्या जेनेरिक स्वरूपात बनवितात. म्हणून ‘पसरला, आता काय उपयोग’ असे म्हणून घरी नेणे हा आज वैद्यकीय निर्णय राहिलेला नाही.

खर्चाची तरतूद काही अंशी झाली आहे. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार येतात, आणि कुटुंबामागे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय झालेला आहे. नागपुरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि एम्स, इतक्या ठिकाणी जाता येते. परंतु निदानापूर्वीच्या चाचण्या, गाडीभाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी यांचा मोबदला कोणत्याही फाइलीत नसतो. आणि बहुतेक कुटुंबे मोडतात ती याच किरकोळ दिसणाऱ्या रकमांखाली. निघण्यापूर्वी शिधापत्रिका, आधार आणि जुने सर्व अहवाल एका पिशवीत घेणे, आणि रुग्णालय योजनेत आहे की नाही हे योजनेचा साहाय्यक असलेल्या आरोग्यमित्राकडून आधी जाणून घेणे, एवढ्यानेही एक-दोन खेपा वाचतात.

निर्णय कोणी घ्यावा, हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन ‘बाबांना सांगू नका’ अशी विनंती करतो, त्यामागे मायाच असते. पण लघवी गळणे चालेल की शौचाचा त्रास चालेल, पत्नीशी असलेल्या नात्यात काय गमावण्यास आपण तयार आहोत, यांचे उत्तर बाबांखेरीज कोणीही देऊ शकत नाही. मर्यादित रोगात काही आठवडे विचारात गेल्याने सहसा नुकसान होत नाही. त्या अवधीत शल्यचिकित्सक आणि किरणोपचारतज्ज्ञ या दोघांचेही मत घ्यावे, कारण प्रत्येकाला आपल्या विद्येचा मार्ग अधिक जवळचा वाटणे स्वाभाविक आहे.

जिल्ह्याने करावयाचे कामही अवघड नाही. गावात आरोग्याची माहिती गोळा करणाऱ्या आशा कार्यकर्त्या स्त्रिया असतात, आणि साठीचा पुरुष लघवीची तक्रार त्यांच्यापाशी काढावयास धजत नाही. हे काम पुरुष आरोग्यसेवकाकडे नेमून द्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी, रक्त जाणे, रात्रीची कंबरदुखी आणि पायांची शक्ती, एवढ्या चारच प्रश्नांची विचारणा साठीवरील प्रत्येक पुरुषाला व्हावी, आणि ज्याचे उत्तर होकारार्थी त्याची बोटाने तपासणी व पीएसए जिल्हा रुग्णालयात मुदतीत व्हावी. सरसकट रक्त घेणाऱ्या शिबिरांपेक्षा एवढ्या साध्या व्यवस्थेने अधिक माणसांची चाल आणि अधिक माणसांचे प्राण वाचतील, अशी माझी दृढ श्रद्धा आहे. आणि ज्याला कसलीही तक्रार नाही, अशा प्रत्येक पुरुषाने रक्त देण्यासाठी हात पुढे करण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला आणि आपल्या डॉक्टरांना विचारावा: हा आकडा वाढलेला निघाला तर पुढे मी काय करणार आहे? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याने चाचणी खुशाल करावी. ज्याच्यापाशी नाही, त्याने आधी ते शोधावे.